गावातल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिस्तंभाची दुरुस्ती: कुठून सुरुवात करावी?

वेशीपाशी

आमच्या गावच्या चौकात काळ्या घडीव दगडाचा सुमारे नऊ फूट उंचीचा स्तंभ आहे. त्यात दोन फूट बाय दीड फूट, इंचभर जाडीची संगमरवरी पाटी बसवलेली आहे. पाटीवर इंग्रजीत १९१४-१९१९ च्या युद्धात गावातून किती जण गेले आणि किती जण कामी आले, एवढे दोनच आकडे आहेत. नावं नाहीत. ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव झाला आहे आणि काम पावसाळ्यानंतर काढायचं आहे. सध्याची अवस्था अशी:

पाटीवर ऑइलपेंटचे तीन-चार थर आहेत, अक्षरं बुजत चालली आहेत. खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक आरपार तडा आहे. दगडांच्या दरजा (दगडांमधले सांधे) पूर्वी कधीतरी सिमेंटने भरल्या आहेत, आता त्या सिमेंटच्या कडेने दगडाचे पापुद्रे निघतात. उत्तरेच्या बाजूला शेवाळ आणि दगडफूल, वरच्या थरात पिंपळाचं मनगटाएवढं खोड. मागच्या सुशोभीकरणात भोवतीच्या चौथऱ्यावर गुळगुळीत फरशी बसवली, तेव्हापासून पायथ्याच्या दगडांवर पांढरा लोणा दिसतो.

गावात तीन मतं आहेत. एक, सगळं पाडून ग्रॅनाइटचं नवं बांधा. दोन, पाटी काढून पॉलिश करा आणि अक्षरं पुन्हा कोरा. तीन, आहे ते जपा आणि शहीद जवानांची नावं घाला. तिसरं पटतं, पण कामाचा क्रम आणि प्रमाण कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

चुना_आणि_पाषाण

तिसऱ्या मतावर ठाम राहा. शंभर वर्षं उभा असलेला घडीव दगडाचा स्तंभ सहसा दगडामुळे बिघडत नाही, पाण्यामुळे आणि आधीच्या दुरुस्तीमुळे बिघडतो. तुमच्या वर्णनात दोन्ही आहेत. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग झाड, मग दरजा, आणि पाटी सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी लोक पाटीपासून सुरुवात करतात, कारण ती डोळ्यासमोर असते. मग दरजा फोडताना उडालेले तुकडे आणि चुन्याचे ओघळ त्याच स्वच्छ केलेल्या पाटीवर येतात.

पाणी. फरशी बसवल्यापासून लोणा आला, यातच उत्तर आहे. पूर्वी जमिनीतली ओल चौथऱ्याच्या मोकळ्या सांध्यांतून उडून जायची. आता फरशी आणि तिच्याखालच्या काँक्रीटने ती वाट बंद झाली, म्हणून ओल स्तंभात चढते आणि दगडाच्या पृष्ठभागावर क्षार सोडून वाळते. स्तंभाभोवती निदान एक फूट रुंदीचा पट्टा फरशी आणि काँक्रीटसकट काढा, सहा ते आठ इंच खोल करा आणि २० मिमी धुतलेल्या खडीने भरा. पायाच्या खाली जाऊ नका. उरलेल्या चौथऱ्याला बाहेरच्या बाजूला ५० ला १ असा ढाळ हवा, म्हणजे मीटरला २ सेंमी. ढाळ आतल्या बाजूला असेल तर खडीच्या पट्ट्यात पाणी साचेल आणि स्थिती आधीपेक्षा वाईट होईल. लोणा पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून खाली कागदावर गोळा करा आणि तिथून दूर टाका. पट्टा मोकळा केल्यावर पहिलं एखादं वर्ष लोणा उलट वाढलेला दिसेल. ती ओल बाहेर पडत असते. तेवढ्यावरून घाबरून वॉटरप्रूफिंगचा हात मारू नका.

पिंपळ. ओढू नका. मनगटाएवढ्या खोडाची मुळं दोन-तीन थर खाली गेलेली असतात, ओढलं की वरचा दगड हलतो. खोड बुडाशी करवतीने कापा आणि ताज्या कापावर काही मिनिटांतच ब्रशने तणनाशक लावा. उशीर झाला तर काप सुकतो आणि औषध आत जात नाही. हे काम परवानाधारक कीडनियंत्रकाकडून करून घ्या. रॉकेल किंवा ॲसिड ओतण्याचा सल्ला हमखास मिळेल. ॲसिड चुना खातं, रॉकेलचा डाग दगडात कायमचा राहतो आणि पिंपळ तरीही फुटतो. पुढचे काही महिने नवी पालवी आली तर पुन्हा तेच करा. खोड पूर्ण मेलं की मगच वरचे सैल दगड क्रमांक घालून उतरवा, मुळं काढा आणि दगड त्याच जागी चुन्यात बसवा. क्रमांक खडूने नको, पावसात जातो. दगडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला रंगाने घाला.

दरजा. सिमेंट घट्ट असतं आणि पाणी अडवतं. भिंतीतली ओल सांध्यातून न जाता दगडाच्या कडेतून जायला लागते, म्हणून कडेचे पापुद्रे निघतात. ते सिमेंट काढायचं, पण ग्राइंडर अजिबात नको. चकती एकदा घसरली की दगडावर कायमची रेघ पडते आणि उभ्या सांध्यांत तर ती वरच्या-खालच्या दगडात घुसतेच. सिमेंट फार कडक असेल तर सांध्याच्या मधोमध ४ मिमी बिटने ओळीने भोकं पाडा, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, आणि बारीक छन्नीने मधून कडेकडे फोडत या. जिथे सिमेंट दगडाला इतकं चिकटलंय की काढताना दगडच फुटेल, तिथे ते राहू द्या. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी. मग ब्रशने धूळ काढा आणि पाण्याने सांधा ओला करा. पाणी निथळत असताना माल भरू नका.

माल: १ भाग मुरवलेल्या चुन्याचा लोणी-गोळा आणि अडीच भाग धुतलेली, चाळलेली, टोकदार कणांची वाळू, मापाने. सांधा १० मिमी रुंद आणि २५ मिमी खोल असेल तर एका मीटरला पाव लिटर माल लागतो. १०० मीटर सांध्याला २५ लिटर, वाया जाणारा धरून ३५ लिटर. चुना वाळूच्या कणांमधल्या पोकळीत बसतो, त्यामुळे मालाचं आकारमान वाळूएवढंच राहतं. म्हणजे ३५ लिटर वाळू, १४ लिटर चुना. पायथ्याच्या ओल्या भागात पाण्यात घट्ट होणारा माल हवा. तिथे १ चुना, १ सुरखी, २ वाळू असं घ्या. सुरखी म्हणजे विटांची पूड, ती कमी भाजलेल्या विटांची, बारीक चाळलेली. भट्टीतल्या जास्त भाजलेल्या विटांची नको, ती चुन्याशी नीट जुळत नाही.

चुन्याची पावडर पिशवीतून काढून लगेच वापरू नका. निदान २४ तास पाण्यात भिजवून लोण्यासारखी होऊ द्या, जास्त दिवस राहिली तर उत्तमच. कळीचा चुना विरवणार असाल तर पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून अंगावर उडतो. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली.

माल भरताना एका वेळी १०-१२ मिमी. तो नखाने ओरखडा उठण्याइतपत घट्ट झाला की पुढचा थर. शेवटचा थर दगडाच्या कडेपासून दोन-तीन मिमी आत थांबवा, दगडावर पसरवून 'सपाट' करू नका. पसरलेला पातळ पापुद्रा पहिल्याच पावसाळ्यात सुटतो. दुसऱ्या दिवशी ताठ केसांच्या ब्रशच्या टोकाने माल ठोका, म्हणजे आकसल्याच्या बारीक भेगा मिटतात. पुढचे निदान सात दिवस ओलं गोणपाट दगडापासून थोडं सुटं टांगून ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. उन्हात एकदम वाळला तर पीठ होतो. गोणपाट पाटीवर मात्र येऊ देऊ नका, तागाचा पिवळा डाग संगमरवरात उतरतो. तिथे धुतलेलं पांढरं सुती कापड.

दरजा ऑक्टोबर ते जानेवारीत भरा. मेच्या उन्हात किंवा मृगाच्या तोंडावर भरलेला चुना टिकत नाही.

---

तलाठी_चावडी

कामाला हात लावण्याआधी कागद. स्तंभ संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का ते पाहा. केंद्राची यादी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, १९५८ च्या कायद्याखाली. राज्याची यादी पुरातत्त्व संचालनालयाकडे, १९६० च्या कायद्याखाली. बहुतेक गावांचे स्तंभ दोन्हींत नसतात. पण जवळपास केंद्र-संरक्षित किल्ला किंवा मंदिर असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटर मनाई क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. जागा कोणाची, ग्रामपंचायतीची की रस्त्याची, हे गाव नमुन्यात किंवा मिळकत पत्रिकेवर बघून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लेखी कळवा.

ठरावात 'सुशोभीकरण' हा शब्द टाळा. अंदाजपत्रकात तो आला की फरशी, रेलिंग आणि रंग आपोआप येतात. 'मूळ साहित्य व मजकूर कायम ठेवून जतन व दुरुस्ती' असं लिहा आणि कामाच्या यादीत 'ग्राइंडर, ॲसिड, वाळूचा मारा, सिमेंट व रंग वापरता येणार नाही' ही अट घाला. सिमेंटचंच काम करणारा ठेकेदार असेल तर चुन्याचा एक मीटरचा नमुना आधी करून घ्या. तो पसंत पडला की पुढचं काम.

---

संगमरवर

पाटीबद्दल. पॉलिश आणि पुन्हा कोरणं, दोन्ही नको. पॉलिश म्हणजे वरचा एखादा मिलिमीटर घासून काढणं. अक्षरांची खोलीच तीन-चार मिमी असते, म्हणजे त्यांचा मोठा भाग जातो. पुन्हा कोरताना कारागीर आजच्या वळणाने छन्नी चालवतो, कडा रुंदावतात आणि एखादा आकडा चुकला की तो कायमचा चुकतो. रंगाखाली अक्षरं बहुतेक शाबूत असतात.

आधी फोटो. रात्री पाटीच्या एका कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर टॉर्च धरा आणि फोटो घ्या. मग दुसऱ्या कडेने, मग वरून. तिरक्या उजेडात बुजलेलं अक्षरही उठून दिसतं. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून अंतर आणि तारीख लिहून ठेवा. एका पावसाळ्यात अंतर वाढलं तर तडा जिवंत आहे, मागचा दगड हलतोय. तो थांबवल्याशिवाय पाटी चिकटवण्यात अर्थ नाही.

रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरू नका, तो दगडात क्षार सोडतो आणि वर्षभराने पाटी भुरभुरते. संगमरवराला चालणारा जेलसारखा पेंट रिमूव्हर घ्या. आधी कोपऱ्यात दोन इंच जागेवर चाचणी करून दुसऱ्या दिवशी बघा. मग जाड थर लावून वर प्लॅस्टिकची फिल्म, २०-३० मिनिटं थांबा आणि लाकडी किंवा बांबूच्या पट्टीने उचला. अक्षरांच्या खाचांतला रंग बांबूच्या काडीने, सुईने किंवा पिनेने नाही. चार थर असतील तर चार वेळा करावं लागेल, घाई केली की लोखंडी पत्री हातात येते. मोकळी हवा, हातमोजे, आणि जवळ विडी-सिगारेट नाही. शेवटी पाण्याने स्वच्छ करा.

ॲसिड, संडास धुण्याचं ॲसिडचं द्रावण, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, फेस येतो तो पाटीच विरघळतेय म्हणून. ब्लीच, तारेचा ब्रश, गाड्या धुण्याचा प्रेशर पंप हेही नको. साध्या धुण्याला मऊ ब्रश, पाणी आणि बादलीत चार थेंब सौम्य द्रव साबण. खालून वर धुवा. वरून सुरू केलं तर खालच्या कोरड्या भागावर मळक्या ओघळांचे पट्टे बसतात. तेलाचा किंवा शेंदराचा डाग राहिला तर पांढऱ्या चिनी मातीत व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण) कालवून बोटभर जाड लेप द्या, फिल्मने झाका आणि एक-दोन दिवसांनी काढा. मुलतानी माती वापरू नका, तिच्यातल्या लोहाचा डाग उतरू शकतो.

शेवाळ आणि दगडफुलाला, दगडावर आणि पाटीवर दोन्हीकडे, बेंझाल्कोनियम क्लोराइडचं २ टक्के द्रावण. ५० टक्क्यांची बाटली असेल तर ४० मिली औषध घेऊन वर पाणी घालून एक लिटर करा. सलग दोन कोरडे दिवस बघून फवारा आणि धुऊ नका. दगडफूल मरायला काही आठवडे लागतात, मग ते ब्रशने सुटतं. जिवंत असताना खरवडलं तर त्याच्याबरोबर दगडाचे कण निघतात. विहीर, आड, पाणवठा जवळ असेल तर फवाऱ्याऐवजी ब्रशने लावा, मासे आणि पाण्यातले जीव या औषधाने मरतात.

तडा: पाटी घट्ट आणि सपाट असेल तर ती उतरवूच नका. बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघा. पोकळ आवाज फक्त तड्यापाशी असेल तर चुना आणि संगमरवराच्या भुकटीचा पातळ माल इंजेक्शनच्या सिरिंजने आत सोडा. आधी थोडं पाणी, मग माल. पण कोपरा हलत असेल तर पाटी उतरवावी लागेल. या मापाची पाटी सुमारे १९ किलो भरते. दोघांनी, नेहमी उभी, कडेवर धरून न्यायची. आडवी धरली की तड्यातून दोन तुकडे. मागे लोखंडी आकडे (हूक) असतील तर ते काढा, तडा बहुतेक त्यांनीच पाडलाय. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड फोडतं. त्यांच्या जागी एसएस ३१६ चे, म्हणजे न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे. तुकडा जोडायला जाडीच्या मध्यात ६ मिमी एसएस ३१६ च्या दोन सळया आणि दोन भागांचं इपॉक्सी. इपॉक्सी दर्शनी कडेपासून ५ मिमी आत थांबवा, कारण उन्हात ते पिवळं पडतं. वरची ती फट चुना आणि संगमरवराच्या भुकटीने भरा. पाटी परत बसवताना तिचं वजन खालच्या कडेला दगडावर टेकलेलं हवं, आकडे फक्त मागे धरून ठेवायला. मागे सिमेंटचे गोळे नकोत.

अक्षरांत रंग भरायचाच असेल तर आधी खाचांत जुन्या रंगाचा अंश सापडतो का बघा आणि तोच रंग घ्या. तेलकट रंगाचं तेल संगमरवरात झिरपतं आणि अक्षराभोवती पिवळी कड येते. कमी तेलाचा, घट्ट साइनबोर्डचा रंग, बारीक ब्रश, आणि बाहेर आलेला रंग तेव्हाच पुसायचा.

---

वेशीपाशी

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. पाटीवर १९१९ आहे, युद्ध तर १९१८ ला संपलं. हे दुरुस्त करायचं का? आणि नावं कुठून मिळवायची, कुठे लावायची?

---

पलटण_नोंदी

१९१९ बरोबर आहे, हात लावू नका. ११ नोव्हेंबर १९१८ ला शस्त्रसंधी झाला, जर्मनीबरोबर व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला. गावोगावच्या अशा पाट्यांवर १९१४-१९१९ च असतं. आकडेही बदलू नका, तुम्हाला मिळालेली नावं त्यांच्याशी जुळली नाहीत तरीसुद्धा. पाटी ही त्या काळची नोंद आहे.

नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन यादी मोफत आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू तिच्यात धरले आहेत. सैन्य 'भारतीय' निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात गाव किंवा तालुका टाका. त्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. पण स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाच्या कानाप्रमाणे आहे. गावाच्या नावाची निदान पाच-सहा इंग्रजी रूपं करून बघा: शेवटी 'ए' किंवा 'आय', 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू', 'खुर्द-बुद्रुक' गाळून. आडनाव बऱ्याच नोंदींत नसतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव. तालुक्यावरून सगळी यादी उतरवून घ्या आणि एकेक गाव डोळ्यांनी वाचा, हाच खात्रीचा मार्ग.

इराकमधल्या बसरा स्मारकाच्या भिंतीचे फोटो बघून 'आपल्या माणसाचं नाव नाही' असं ठरवू नका. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत, शिपायांचे पलटणीनुसार फक्त आकडे. त्यांची नावं नोंदवहीत आहेत आणि ती ऑनलाइन यादीत सापडतात. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी इराकमधल्याच कुतच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यानंतर कितीतरी जण कैदेत असताना मरण पावले, तेव्हा मृत्यूची तारीख १९१७-१८ ची दिसली तर ती चूक समजू नका.

फक्त मराठा पलटणी शोधू नका. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली, तिची माणसं गावोगावची होती. खडकीचे बॉम्बे सॅपर्स (लष्करी बांधकाम करणारे), खेचरांचे तांडे, मजूर आणि जखमींना वाहून नेणाऱ्या पालखीवाल्यांच्या तुकड्या यांतही लोक गेले. यांची नोंद लढाऊ शिपायांपेक्षा तुटक असते आणि गावाच्या आठवणीतून त्यांची नावं सगळ्यांत आधी गळतात. ती शोधणं हे या कामातलं सगळ्यांत मोलाचं काम आहे असं माझं मत आहे.

पलटणीचे नंबर १९२२ ला बदलले: १०३ ची पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. घरात जपलेल्या पदकाच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेलं असतं, ते तिरक्या उजेडात वाचा. पदक घासून चकचकीत करू देऊ नका, कडेची अक्षरं जातात.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची नावं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, तारीख, ठिकाण, आणि मृत्यू युद्धात की सेवेत, हे सगळं. तोंडी माहितीवर कोरू नका. मजकुराची छापील प्रत प्रत्येक घरच्यांना वाचायला द्या आणि सही घ्या. नावांचा क्रम मृत्यूच्या तारखेने लावा. हुद्द्याने किंवा भावकीने लावला की वाद होतो.

---

चुना_आणि_पाषाण

नावं स्तंभावर कोरू नका आणि त्यात खिळेही नकोत. चौथऱ्याच्या बाहेरच्या कडेला, स्तंभापासून निदान चार फूट सोडून, त्याच जातीच्या काळ्या दगडाची वेगळी शिळा लावा. उंची कमरेपर्यंत, माथा मागे किंचित उतरता. पुढे उतरता ठेवला तर पाणी अक्षरांवरून वाहतं. स्वतंत्र पाया घ्या, स्तंभाच्या पायाला जोडू नका.

अक्षर २५ ते ३० मिमी उंचीचं. त्याहून लहान देवनागरी दगडात कोरली की रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांमधले बारीक पूल तुटतात. वाळूच्या माऱ्याने कोरणाऱ्याला सांगा की शिरोरेषा आणि अक्षराची उभी रेघ यांत पुरेशी जाडी ठेव, आणि आधी एका शब्दाचा नमुना टाकाऊ तुकड्यावर करून घे. 'र्‍या', 'त्त्व', 'द्ध' असलेला शब्द निवडा, तिथेच फॉन्ट फसतो. संगणकावरच्या मजकुराची अक्षरं दुसऱ्या मशीनवर विस्कटतात, म्हणून फाइलमधली अक्षरं रेषाकृतीत (आउटलाइनमध्ये) बदलून पाठवा आणि कोरण्याआधी पूर्ण मापाचा कागदी प्रिंट शिळेवर चिकटवून दोघांनी मोठ्याने वाचा. खाली एक तृतीयांश जागा मोकळी ठेवा. यादीत नंतर सापडलेली नावं येतातच.

दिवा लावायचा तर वेगळ्या खांबावर, वायर खडीच्या पट्ट्यातून नळीत. आणि दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास एकाच माणसाकडे चार कामं द्या: खडीतलं गवत काढणं, ढाळ तपासणं, पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच उपटणं, तड्याच्या पेन्सिल-खुणांमधलं अंतर वहीत लिहिणं. वही ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा, चुन्याचं प्रमाण, वाळू कुठली, कोणतं औषध किती टक्के, हेही तिच्यातच. पुढची दुरुस्ती करणाऱ्याला तेच लागणार आहे.